देखावा स्वयंपाकघराच्या वाट्याला

मैत्रिणींनो, गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी दोनदा वाचलं. फलटणकडच्या एका भगिनीचं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून छापत नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या कॅनडातल्या कॅल्गरीला चालल्या आहेत. डिंक, अळीव, बाळंतशेपा, सगळी बांधाबांध झाली आहे. सहा महिन्यांचा मुक्काम. लेक आणि जावई म्हणतात, बाळ तीन महिन्यांचं झालं की आई, तुला एक रात्र बॅन्फच्या त्या जुन्या रेल्वे-हॉटेलात न्यायचं. त्यावर ह्या बाई विचारतात, "एका रात्रीचे एवढे पैसे! तेवढ्यात इकडे माझा दोन महिन्यांचा किराणा येईल. शिवाय मी तिथे जाऊन करू काय? नाही म्हटलं तर मुलं हिरमुसतील, हो म्हटलं तर माझा जीव कासावीस होईल. काय करू?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी लेकीसाठी, सुनेसाठी तिकडे जातात आणि कुकर, दुपटी आणि तेलाची वाटी एवढंच पाहून परत येतात. मी स्वतः मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वन्संकडे कॅल्गरीला गेले होते आणि त्याच हॉटेलात एक रात्र राहिलेही. तेव्हा ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचा हक्क मला आहे असं समजते.

आधी रेल्वे-हॉटेल म्हणजे काय ते पाहू. रेल्वे कंपनीने आपल्या उतारूंसाठी बांधलेलं मोठं हॉटेल. आपल्याकडे स्टेशनावर रिटायरिंग रूम असते ना, तिची ही श्रीमंत थोरली बहीण! आपल्या देशातही अशी हॉटेलं होती. जिच्या नावात आपलं नागपूर आहे त्या बंगाल नागपूर रेल्वेने पुरीला आणि रांचीला हॉटेलं चालवली. पण ह्या हॉटेलांची खरी माळ गुंफली गेली ती कॅनडात. तिथली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे पूर्व किनाऱ्याकडून निघून पश्चिमेच्या पॅसिफिक महासागराला भिडणारी. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी तिच्या रुळांचा शेवटचा खिळा ठोकला गेला. पुढच्या वर्षी २८ जूनला मॉन्ट्रियलहून पहिली उतारूंची गाडी निघाली, ती ४ जुलैला पलीकडच्या किनाऱ्याला पोचली. म्हणजे सहा दिवस! आता बाईमाणसाच्या मनात पहिला प्रश्न कुठला येईल? सहा दिवस खायचं काय?

तर गंमत अशी की हॉटेलांची सुरुवात ह्याच प्रश्नातून झाली. गाडीला डायनिंग कार म्हणजे जेवणाचा डबा होता. पण चुली, भांडी, धान्य, पाणी ह्यांनी तो इतका जड व्हायचा की रॉकी पर्वताच्या चढणीवर तो ओढून नेणं इंजिनाला परवडेना. आपला खंडाळ्याचा घाट आठवा. तिथला चढ सदतीस फुटांना एक फूट, तरी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. कॅनडात फील्ड नावाच्या गावाजवळचा चढ तर बावीस फुटांना एक फूट होता! १९०९ साली डोंगराच्या पोटात वळणावळणाचे बोगदे खणले, तेव्हा कुठे तो सौम्य झाला. मग कंपनीने तोड काढली. जेवणाचा डबा डोंगरात न्यायचाच नाही. १८८६ च्या सुमाराला वाटेत तीन ठिकाणी घरं बांधली, तिथे गाडी थांबायची, मंडळी उतरून गरम जेवायची आणि पुढे जायची. जेवायला उतरलेल्या माणसांना समोरच्या हिमनद्या, कडे पाहून वाटायला लागलं, इथेच राहावं. राहणाऱ्यांसाठी खोल्या वाढल्या आणि खानावळीची हॉटेलं झाली. म्हणजे ह्या सगळ्या राजेशाही हॉटेलांचं मूळ कुठे, तर स्वयंपाकघरात!

कंपनीचा त्या वेळचा मोठा अधिकारी व्हॅन हॉर्न भारी हुशार. त्याने ओळखलं की ओसाड मुलखातून रूळ टाकले खरे, पण गाडीत बसायला माणसं हवीत, आणि डोंगर काही शहरात नेऊन विकता येत नाहीत. मग माणसांनाच डोंगरापाशी आणायचं. बॅन्फला गरम पाण्याचे झरे होते. आपल्या वज्रेश्वरीला आहेत तसेच समजा. १८८३ मध्ये रेल्वेच्याच कामगारांना तिथली गुहा दिसली होती. त्या गावी दोन नद्यांच्या संगमावर, उंच जागी, मोठं लाकडी हॉटेल बांधायचं ठरलं. न्यूयॉर्कच्या ब्रूस प्राइस ह्या नामांकित वास्तुकाराने नकाशे काढले. १ जून १८८८ रोजी हॉटेल उघडलं.

पण बांधकाम चालू असताना व्हॅन हॉर्न पाहणीला आला आणि कपाळाला हात लावून बसला. बांधणाऱ्याने नकाशा उलटा धरला होता! नदी, दरी, पलीकडची हिमशिखरं ह्या सगळ्याचा देखावा लाभला होता स्वयंपाकघराला, आणि पाहुण्यांच्या खोल्यांची तोंडं मागच्या झाडीकडे. साहेबाचा पारा चढला. त्याने तिथल्या तिथे कागदावर एक गोल सज्जा काढून दिला आणि तो पुढे बांधायला लावला, म्हणजे पाहुण्यांना तिथे बसून दरी पाहता यावी.

हा किस्सा त्या हॉटेलाच्या इतिहासात हमखास सांगतात आणि सगळे हसतात. मीही हसले. पण मग मला राहून राहून वाटलं, चूक म्हणतात ती कुणाची चूक? दिवसातले चौदा तास जे माणूस चुलीपुढे उभं, त्याच्यासमोर खिडकी नको? आपल्या घरांचे नकाशे आठवून पाहा. दर्शनी गॅलरी बैठकीच्या खोलीला. तिथे कोण बसतं? पेपर वाचणारा आणि पाहुणा. आणि स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते? मागच्या बोळात, नाहीतर सांडपाण्याच्या नळांच्या चौकात. आमच्या ब्लॉकचंही तेच आहे. बिल्डरने तो नकाशा बरोबर सरळ धरूनच बांधलाय, बरं का!

ते लाकडी हॉटेल आता नाही. १९२६ मध्ये ते आगीत गेलं आणि १९२८ पर्यंत आजची दगडी, किल्ल्यासारखी इमारत पुरी झाली. साडेसातशेच्या आसपास खोल्या आहेत. आणि आणखी एक नवल सांगते. हे रेल्वेचं हॉटेल, पण तिथे आता नेहमीची उतारूंची गाडीच जात नाही! देशाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी 'कॅनेडियन' नावाची गाडी जानेवारी १९९० पासून उत्तरेच्या दुसऱ्या मार्गाने जाऊ लागली. बॅन्फच्या स्टेशनावरून मालगाड्या जातात, आणि मोसमात महागडी पर्यटकगाडी येते तेवढीच. आम्हीसुद्धा वन्संच्या मोटारीनेच गेलो. कॅल्गरीहून जेमतेम एकशे तीस किलोमीटर.

अशी हॉटेलं त्या देशात ठिकठिकाणी आहेत. क्युबेकला १८९३ साली उघडलेलं शातो फ्रॉन्तनाक आहे. पश्चिमेला व्हिक्टोरिया गावी १९०८ सालचं एम्प्रेस. तिथला दुपारचा चहा इतका प्रसिद्ध की नुसत्या चहासाठी लोक आधी जागा राखून ठेवतात. टोरांटोचं रॉयल यॉर्क १९२९ सालचं, स्टेशनासमोरच. एक हजाराहून जास्त खोल्या, आणि २००८ मध्ये त्याच्या गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या, तो मध हॉटेलच्या स्वयंपाकात वापरायचा! ऑटावाचं शातो लॉरियर १९१२ सालचं. ते बांधणाऱ्या कंपनीचा प्रमुख चार्ल्स हेज उद्घाटनासाठी इंग्लंडहून परतत होता, तो टायटॅनिक बोटीवर होता. एप्रिलमध्ये बोट बुडाली, त्यात तो गेला, आणि हॉटेल जूनमध्ये गाजावाजा न करता उघडलं.

ह्याच ऑटावाच्या हॉटेलातली अगदी अलीकडची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. तिथल्या भिंतीवर चर्चिलसाहेबांचं एक जगप्रसिद्ध छायाचित्र होतं, युसुफ कार्श ह्यांनी १९४१ मध्ये काढलेलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं की चौकट शेजारच्या चौकटींसारखी नाही, आणि टांगलेलीही नीट नाही. पाहिलं तर तसबीर नकली! कुणीतरी खरी काढून नेऊन आठ महिने होऊन गेले होते. त्या दिवाणखान्यातून ह्या आठ महिन्यांत किती बडी मंडळी चहा पिऊन गेली असतील, पण कळलं कुणाला? रोज त्या भिंतीची देखभाल करणाऱ्याला. पुढे ती तसबीर इटलीत सापडली आणि २०२४ मध्ये परत आली. घरातली कुठली बरणी दोन बोटं सरकली आहे हे आपल्याला न पाहता कळतं ना, तसंच हे.

पण हे वैभव उभं कुणाच्या जिवावर राहिलं, तेही सांगितलं पाहिजे. पश्चिमेकडच्या डोंगरातली रेल्वे बांधायला पंधरा हजारांच्या आसपास चिनी मजूर आणले होते. सुरुंगाची, कड्यावरची जोखमीची कामं त्यांच्याकडे, आणि मजुरी गोऱ्या मजुरांहून कमी. निदान सहाशे माणसं त्या कामात दगावली. रेल्वे पुरी झाली त्याच १८८५ साली सरकारने देशात येणाऱ्या चिनी माणसावर डोईपट्टी बसवली. आधी पन्नास डॉलर, १९०३ पर्यंत ती पाचशेवर नेली. एवढा पैसा कुठून आणायचा? मग बायका राहिल्या गावाकडे, नवरे इकडे, आणि अशी वर्षंच्या वर्षं गेली. सरकारने ह्याबद्दल माफी मागितली ती २००६ मध्ये. आणि ज्यांची ही भूमी, त्या स्टोनी नाकोडा आदिवासींना राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी झाली. मात्र पाहुण्यांच्या करमणुकीसाठी दरवर्षी त्यांच्या नाचांचा आणि घोडदौडीचा सोहळा भरवला जाई, त्याला बोलावणं असे. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना हेही सांगा. मी माझ्या मुलीला सांगितलं. ती मग जेवणघरातल्या झुंबराकडे पाहून म्हणाली, "आई, हे पुसतं कोण?" मला बरं वाटलं.

आता माझ्या त्या एका रात्रीबद्दल. भाडं ऐकून मी म्हटलं होतं, "वन्सं, अहो कशाला? घरून जाऊन येऊ, डबा बरोबर घेऊ." त्या म्हणाल्या, "वहिनी, तू माझ्या घरी आल्यापासून माझंच स्वयंपाकघर आवरते आहेस. एक दिवस तुला कुणीतरी ताट वाढलेलं मला बघायचंय." ह्यांनीही दुजोरा दिला. मग बोलणंच खुंटलं.

सकाळी सवयीने साडेपाचलाच जाग आली. हात उशीशेजारी केसांची पिन शोधू लागला, मन दूध तापवायला उठलं. आणि मग आठवलं, इथे दूध नाही, डबा नाही, शाळेची पहिली तास-घंटा नाही. खरं सांगू? पहिली दहा मिनिटं मी अगदी बावरून गेले. रिकाम्या हातांचं करायचं काय हे कुणी शिकवलंच नाही आपल्याला. शाल घेऊन खाली मोठ्या खिडकीपाशी जाऊन बसले. नदीवर धुकं होतं. डोंगराच्या टोकाला ऊन लागलं, मग ते हळूहळू खाली उतरत आलं. तासभर मी दुसरं काही केलं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, असा तास मला आठवत नाही.

नाश्त्याहून परत आले तर खोली आवरायला बाई आली होती. फिलिपाइन्समधली, माझ्याहून थोडी मोठी. मी सवयीने चादरीचं दुसरं टोक धरलं. ती हसली. म्हणाली, "बसा तुम्ही. हे माझं काम आहे, आणि मला ते छान येतं." मग बोलता बोलता कळलं की तिची दोन मुलं तिकडे तिच्या आईकडे असतात. ती पगार पाठवते, आई मुलं सांभाळते. मी म्हटलं, "तुम्ही कधी ह्या खिडकीत बसता का?" ती म्हणाली, "मी रोज चौदा खिडक्या पुसते." एवढं म्हणून तिने उशीचा अभ्रा झटकला.

तिच्या त्या उत्तरावर मी खूप विचार केला. आपल्या विश्रांतीच्या मागे दुसऱ्या एका बाईचे हात असतात, घरी काय आणि हॉटेलात काय. मग विश्रांती घ्यायचीच नाही का? मला वाटतं, घ्यावी. पण हात दिसले पाहिजेत. तिचं काम हे काम आहे, त्याला मोल आहे, सुट्टी आहे, हे त्या हॉटेलात मला लख्ख दिसलं. आणि तेच काम आपण घरी करतो तेव्हा ते काम नसतं, नाही का? एक रात्र पैसे मोजून पाहिलं की चादर घालण्याचं, चहा समोर आणून ठेवण्याचं मोल किती असतं ते घरातल्या सगळ्यांनाच कळतं. बिल पाहून हे बराच वेळ गप्प होते. मी काही बोलले नाही.

तेव्हा फलटणच्या ताई, माझं म्हणणं असं. तुम्ही जरूर जा. किराण्याशी हिशेब घालू नका. सहा महिने तुम्ही जे करणार आहात, त्यासाठी तिकडे बाई ठेवायची म्हटली तर काय पडतं हे लेकीला ठाऊक आहे, म्हणून ती एक रात्र तुम्हाला देऊ पाहते आहे. तो उपकार नव्हे, आणि उधळपट्टीही नव्हे. मात्र मुलांची ओढाताण होत असेल तर मोकळेपणाने विचारा आणि खाली दिलेली सोय पाहा. नकार द्यायचाच झाला तर तो पैशांकरता द्या, 'मी काय करू तिथे' ह्याकरता देऊ नका.

जाणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा:

१. जुलै-ऑगस्टमध्ये दर सर्वांत चढे असतात. मेचा आरंभ किंवा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर ह्या दिवसांत बरेच उतरतात. आधी विचारून घ्यावं.

२. सांगितलेल्या भाड्यावर कर आणि इतर आकार वेगळे लागतात. एकूण रक्कम किती, हा प्रश्न जावयांनी आधीच विचारलेला बरा.

३. दरीकडची खोली महाग, मागची स्वस्त. आपण मागची घ्यावी. दरी खालच्या मोठ्या खिडक्यांतून आणि गच्चीवरून फुकट दिसते.

४. मुक्काम परवडत नसेल तर नुसतं पाहायला जा. दिवाणखान्यात फिरता येतं, चहा घेता येतो. मागून पायवाटेने खाली उतरलं की बो नदीचा धबधबा आहे. गावातली बस हॉटेलपर्यंत जाते.

५. शाकाहारी असाल, अंडं चालत नसेल, तर खोली राखतानाच कळवा. बरोबर दशम्या, चटणी, मेतकूट असू द्या, पण खोलीत विजेची शेगडी किंवा कुकर अजिबात लावू नका. नियमात बसत नाही, धुराची घंटा वाजते ती वेगळीच, आणि मुख्य म्हणजे तिथेही पुन्हा तुम्हीच चुलीपाशी!

६. बॅन्फची उंची साधारण आपल्या महाबळेश्वराएवढी, पण हवा फार कोरडी. ओठांना तूप किंवा व्हॅसलीन, बाळाला तेल, आणि पाणी भरपूर प्या. उन्हाळ्यातही शाल, पायमोजे हवेत.

७. निघताना खोली आवरणाऱ्या बाईसाठी पैसे आठवणीने ठेवा, वर 'धन्यवाद' लिहिलेली चिठ्ठी ठेवा, म्हणजे ते आपल्यासाठी आहेत हे तिला कळेल. ओले टॉवेल एका जागी ठेवले तरी तिचं काम हलकं होतं. चादरी मात्र घडी करू नका, त्या धुवायलाच जातात.

ज्यांना कॅनडा दूर आहे, म्हणजे आपल्यातल्या बहुतेक सगळ्याच जणींना, त्यांच्यासाठी एवढंच. सहलीला जाल तिथे एक दिवस तरी स्टोव्ह, डाळ-तांदळाची पिशवी घरी ठेवा. एका वेळचं जेवण दुसऱ्याच्या हातचं, बसून, गरम. आणि घराला रंग लावायचा, ओटा हलवायचा विषय निघाला की खिडकी कुठे येते ते आपण उभं राहून पाहा, गवंड्यावर सोडू नका. मी ओट्यासमोरचं कपाट काढून बाजूला घेतलंय. समोर बोळच आहे, पण बोळात शेवगा आहे हे मला इतक्या वर्षांनी दिसलं.

ताई, बाळबाळंतिणीला माझे आशीर्वाद सांगा. परत आल्यावर पत्र पाठवा. जेवायला काय होतं ते लिहाच, पण खिडकीतून काय दिसलं ते आधी लिहा.